तलावावर दोन शिडाच्या होड्यांची तुलना कशी करावी

सलग दोन रविवार लेझर जातीच्या एका होडीने माझ्या एंटरप्राइज जातीच्या होडीला मागे टाकलं आणि मी चारचौघांत जाहीर करून मोकळा झालो की, या जुन्या होडीत आता काही दम नाही. तिसऱ्या रविवारी ती ट्रेलरवर चढवताना दुहेरी तळाचं बूच काढलं, तर आतून धार लागली. एक बादली भरली, वर दोन तांबे. म्हणजे पंधरा दिवस मी बारा-तेरा लिटर पाणी हैदराबादच्या हुसेन सागर तलावावर फिरवून आणत होतो आणि बोल लावत होतो होडीच्या आराखड्याला.

तुलना करायची म्हणजे हेच करायचं. होडी, माणूस आणि वारा या तिघांच्या गलक्यातून एकट्या होडीचा आवाज वेगळा काढायचा. खाली जी पद्धत सांगतो, ती मोटारीमागे ट्रेलरला लावून नेता येईल अशा कुठल्याही लहान होडीला चालेल. उदाहरण मात्र मी लेझर आणि एंटरप्राइजचंच घेतो, कारण या दोन होड्या मला हाताळून माहीत आहेत.

आधी प्रश्न नेमका करा

‘कोणती वेगवान?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. हलक्या वाऱ्यात की जोराच्या? वाऱ्याच्या तोंडावर चढताना की वारा पाठीशी असताना? एकट्याने की दोघांनी? एका दिवशी एकच प्रश्न घ्या आणि तो वहीत वरच्या ओळीत लिहा. नाहीतर संध्याकाळी प्रत्येक जण आपल्याला हवा तो निकाल घेऊन घरी जातो.

कागदावर काय दिसतं ते पाहा

लेझर, म्हणजे आताच्या नावाने इल्का 7. लांबी सुमारे 4.2 मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन 59 किलो, एकच शीड, 7.06 चौरस मीटरचं. एंटरप्राइज ही जॅक होल्टने 1956 साली आखलेली निळ्या शिडांची दोघांची होडी. लांबी 4.04 मीटर, सांगाडा नव्वद किलोच्या थोडा वर, दोन शिडं मिळून साधारण साडेदहा चौरस मीटर.

आता यात माणसं बसवा. डोलकाठी वगैरे धरून लेझर आणि तिच्यावरचा माणूस 155 किलोच्या घरात जातात, एंटरप्राइज आणि दोघं 260 च्या. दर किलोमागे शीड किती, हा भागाकार केला की दोघी जवळजवळच येतात, लेझर किंचित पुढे. पण लेझरवर पंधरा किलो जास्तीचा माणूस बसवला की एकूण वजन दहा टक्क्यांच्या आसपास वाढतं आणि तो ‘किंचित’ बराचसा आटतो. लहान होडीत माणूस हाच सगळ्यात जड सुटा भाग असतो.

लांबीवरूनही अंदाज येतो. पाण्याला टेकलेल्या लांबीचं, मीटरमधलं, वर्गमूळ काढून 2.43 ने गुणा. लेझरची ही लांबी 3.81 मीटर, म्हणून उत्तर येतं साधारण पावणेपाच नॉट, ताशी पावणेनऊ किलोमीटर. पाणी कापत चालणारी होडी या वेगाजवळ येऊन अडते. बारा-चौदा नॉटच्या वाऱ्यात मात्र लेझर नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलून पाण्यावरून घसरायला लागते आणि हे गणित तिथेच संपतं.

वजन करा, तळ धुवा

घरगुती वजनकाटे दोन घ्या. होडी आडव्या दोन लाकडांवर ठेवा, एक पुढे, एक मागे, प्रत्येक लाकडाखाली मधोमध एक काटा. होडी समतल हवी आणि बाजूंनी कोणीतरी नुसता हात लावून धरायला हवी. दोन आकड्यांची बेरीज म्हणजे वजन. बूच आधी काढा, हे मी का सांगतोय ते कळलं असेलच. माणसांचं वजन लाइफजॅकेट आणि ओल्या कपड्यांसकट घ्या. तळावर शेवाळाचा बुळबुळीत थर असेल तर स्पंजने काढा. दोन्ही होड्यांची शिडं साधारण एकाच वयाची असावीत. ताणून सैल झालेल्या शिडाची नव्याशी तुलना करून काही हाती लागत नाही.

जोडीने चालवा आणि जागा बदला

सगळा जीव या पायरीत आहे, म्हणून इथे घाई नको.

तलावावरचा वारा एकसारखा नसतो. हुसेन सागरावर पावसाळ्यात तो पश्चिमेकडून, नेकलेस रोडच्या झाडा-इमारतींवरून येतो. त्या काठाजवळ तो तुकड्यातुकड्यांत पडतो, टँक बंडच्या बाजूला बराच सरळ होतो. मधल्या बुद्धमूर्तीच्या आडोशाला गेलात तर शीड क्षणभर लुळं पडतं. त्यामुळे एका होडीची फेरी आधी आणि दुसरीची नंतर, असं घड्याळ लावून मोजण्यात अर्थ नाही. दहा मिनिटांत वारा दुसराच झालेला असतो.

दोन्ही होड्या एकाच वेळी, मोकळ्या पाण्यात, वाऱ्याच्या तोंडावर एकाच बाजूने चढवा. मध्ये तीस-चाळीस मीटर अंतर ठेवा, म्हणजे एकीच्या शिडाने ढवळलेला वारा दुसरीला लागणार नाही. पाच मिनिटं कोणी वळायचं नाही, कोणी ओरडून सल्ला द्यायचा नाही. शिट्टी वाजली की वाऱ्याच्या दिशेने कोण किती पुढे आहे, ते होडीच्या लांबीत मोजून लिहा.

मग जागा बदला, डावीकडची उजवीकडे. वाऱ्याला आडव्या रेषेत चाळीस मीटर अंतर असताना वारा दहा अंशांनी सरकला, तर एका होडीला फुकटात सात मीटर मिळतात. ती सात मीटरं होडीची नव्हेत. त्यानंतर सुकाणूवरची माणसं बदला आणि पुन्हा दोन फेऱ्या. ही अदलाबदल लोकांना नकोशी असते, कारण त्यात होडीऐवजी आपलीच परीक्षा होते. माझ्या वेळी सुकाणूवरची माणसं बदलल्यावर एंटरप्राइज पुढे गेली. त्यातून मला होडीबद्दल किती कळलं आणि स्वतःबद्दल किती, ते सोडून द्या.

चारही प्रकार दोनदा करा. आठ आकडे चढत्या क्रमाने मांडा आणि मधल्या दोघांची सरासरी धरा. एखादी फेरी वाऱ्याच्या झोताने बिघडली तरी ती निकाल ओढून नेत नाही.

जीपीएसचा आकडा जपून वाचा

तलावाचा एक मोठा फायदा म्हणजे इथे भरती-ओहोटी नाही. मुंबई बंदरात जीपीएस जो वेग दाखवतो त्यात समुद्राचा ओढाही मिसळलेला असतो. तलावावर तो बहुतांशी होडीचाच वेग असतो. पण वाऱ्याच्या तोंडावर चढताना नुसता वेग फसवतो. एक होडी वाऱ्यापासून 40 अंशांवर 4 नॉटने चालली आहे, दुसरी 50 अंशांवर 4.4 ने. पडद्यावर दुसरी जिंकते. कोनाच्या कोसाइनने गुणा: पहिली वाऱ्याकडे 3.06 नॉटने सरकतेय, दुसरी 2.83 ने. वाऱ्याकडच्या बोयला, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेला, पहिलीच आधी वळणार.

वारा पाठीशी घेऊन दोन फेऱ्या पुरतात. या दोन्ही होड्यांना पुढचं फुगीर शीड नसतं, त्यामुळे तिथे फारसं नाट्य नाही.

शर्यतीचा वेळ समान पातळीवर आणा

वेगवेगळ्या जातीच्या होड्या एकत्र पळवायला ब्रिटनमध्ये पोर्ट्समथ यार्डस्टिकचे आकडे वापरतात. तिथल्या क्लबांच्या शर्यतींच्या निकालांवरून ते काढतात आणि वेळोवेळी बदलतात. मोठा आकडा म्हणजे हळू होडी. इल्का 7 चा आकडा 1100 च्या आसपास, एंटरप्राइजचा 1120 च्या आसपास, मुलांच्या ऑप्टिमिस्टचा 1600 च्या वर. लागलेले सेकंद गुणिले 1000, भागिले आकडा.

समजा लेझरला 42 मिनिटं लागली, एंटरप्राइजला 43. म्हणजे 2520 आणि 2580 सेकंद. हिशेब केल्यावर साधारण 2291 आणि 2304 उरतात. पाण्यावर मिनिटभराचं दिसणारं अंतर कागदावर तेरा सेकंदांचं होतं. एवढा वेळ तर सेंटरबोर्डला, म्हणजे तळातून खाली सोडलेल्या फळीला, अडकलेली प्लास्टिकची पिशवी काढण्यात जातो, आणि हुसेन सागरावर ती अडकतेच. मात्र हे आकडे तिकडच्या पाण्यावर, तिकडच्या सरासरीवर बेतलेले आहेत. आपल्या तलावावर महिनोन्महिने तीच होडी जिंकत राहिली तर आकड्याकडे संशयाने बघा.

शेवटी एक वेळ आणखी मोजा, ती कोणत्याच यादीत नसते: ट्रेलर उताराला लागल्यापासून शिडात वारा भरेपर्यंतची. माझ्या वहीत लेझरपुढे ‘20 मिनिटं’ आहे. एंटरप्राइजपुढे ‘40 मिनिटं, अधिक दुसऱ्या माणसाची वाट’.