कॉम्पॅक्ट घ्यायला जाताय? आधी एवढी तयारी करा

लग्नसराई तोंडावर आली की घरातला कॉम्पॅक्ट, म्हणजे डबीतली दाबलेली फेस पावडर, एकतर संपलेला असतो नाहीतर पडून त्याचा चुरा झालेला असतो, आणि मग साडीला फॉल लावायला टाकायला गेलोच आहोत तर शेजारच्या दुकानातून एक उचलू असं होतं. तसं नका करू. आपल्या स्किनला जुळणारी शेड हवी असेल तर तयारी दोन-तीन दिवस आधीपासून लागते.

सगळ्यात आधी दिवस नीट निवडा. फेशिअल, ब्लीच, थ्रेडिंग यातलं काहीही आदल्या दिवशी नको, कारण चेहरा लालसर असतो आणि ब्लीचने लव पिवळी पडली की तोंडच उजळल्यासारखं वाटतं आणि आपण हमखास फिकी शेड घेऊन येतो. घरात कुणाची हळद असेल तर ती होऊन जाऊ द्या, नवरीच्या गालाला लावता लावता आपल्याही तोंडाला लागतेच आणि तो पिवळेपणा एका आंघोळीत जात नाही. मे महिन्यात गावाकडून रापून आला असाल तरी थोडं थांबा, फंक्शन लगेच नसेल तर.

निघताना चेहरा धुऊन मॉइश्चरायझर आणि रोजचं सनस्क्रीन लावा. सनस्क्रीन मुद्दाम सांगतेय, झिंक ऑक्साइडवालं असेल तर ते स्वतःच पांढरट थर सोडतं आणि पावडर रोज त्याच्यावरच बसणार आहे. फाउंडेशन वापरत असाल तर तेही लावूनच जा, नसाल तर बाकी मेकअप शून्य. कपडे पांढरे किंवा फिके घाला, भडक केशरी ओढणीचा रंग मानेवर पडतो आणि सगळा हिशोब चुकतो. पर्समध्ये टिश्यू, ओले वाइप्स, छोटा आरसा आणि जुन्या कॉम्पॅक्टची डबी टाका, मागे शेडचा नंबर असतो.

आता अंडरटोन. गोरी, गव्हाळ, सावळी हे झालं रंग किती गडद ते, पण आतून झाक पिवळी आहे, गुलाबी आहे, मधली आहे की किंचित हिरवट ते वेगळं, त्यामुळे दोन गव्हाळ बहिणींना एकच पावडर सूट होईल असं नाही. मनगटाच्या शिरा हिरव्या दिसल्या तर वॉर्म म्हणजे पिवळी झाक, निळ्या-जांभळ्या दिसल्या तर कूल म्हणजे गुलाबी झाक असं सगळे सांगतात, पण सावळ्या हातावर शिरा धड दिसतच नाहीत, मग काय बघणार. त्यापेक्षा सकाळी खिडकीत उभं राहून मानेजवळ कोरा पांढरा कागद धरा, त्याच्यापुढे स्किन पिवळट वाटते की गुलाबीसर ते बऱ्यापैकी कळतं. आणि ब्रँडचे कोड बघून जा. मॅकमध्ये एनसी पिवळ्या झाकेसाठी आणि एनडब्ल्यू गुलाबीसाठी, बऱ्याच जणींना उलटं वाटतं. मेबेलिनच्या फिट मीमध्ये नंबर वाढत गेला की शेड गडद, म्हणजे २३० पेक्षा ३१० गडद. एका ब्रँडचा नंबर दुसऱ्याकडे चालत नाही हे सांगायला नकोच.

दुकानात गेल्यावर ताई तुमचा हात मागेल, तो देऊ नका :) हात गाडी चालवून चालवून रापलेला असतो, चेहऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. टेस्टरचा वरचा थर टिश्यूने पुसून घ्या आणि जवळच्या दोन-तीन शेड जबड्याच्या कडेला शेजारी शेजारी लावा, गालाकडून खाली मानेवर उतरणारे पट्टे. जो पट्टा दिसेनासा होतो तो तुमचा. कपाळ आणि तोंडाभोवतीचा भाग आपल्यापैकी बऱ्याच जणींचा जरा गडद असतो, गालावर वांगाचे डाग असतात, त्यांच्यावरून शेड ठरवू नका, मानेवरून ठरवा. मग आरसा घेऊन सरळ दाराबाहेर उजेडात या, आतल्या लाइटमध्ये सगळंच छान दिसतं. आणि लगेच पैसे देऊ नका, फॉलचं काम उरका, चहा प्या, अर्ध्या तासाने परत बघा, कारण चेहऱ्याचं तेल शोषलं की पावडर गडद दिसायला लागते, काही तर चक्क केशरी होतात. ऑयली स्किन असेल आणि दोन शेडमध्ये अडकला असाल तर दोन्हीतली फिकी घ्या. पण एवढ्याच कारणासाठी. "एक शेड लाइट घ्या ना मॅडम, उजळ दिसाल" हे ऐकून नाही. फेअर अँड लव्हलीचं नाव २०२० मध्ये ग्लो अँड लव्हली झालं, काउंटरवरची भाषा मात्र तीच राहिली, मला भयंकर राग येतो. सावळ्या चेहऱ्यावर फिकी पावडर उजळ दिसत नाही, राखाडी दिसते.

लग्नासाठी घेत असाल तर अजून एक काम, तिथेच कोणालातरी मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढायला सांगा. ट्रान्सलुसंट लूज पावडर, म्हणजे बिनरंगाची सुटी पावडर, डोळ्यांना दिसत नाही पण त्यात सिलिका भरपूर असेल तर फ्लॅशमध्ये डोळ्याखाली पांढरी चमकते, आणि अल्बममध्ये करवली पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते. बनाना पावडरचं, म्हणजे पिवळसर सुट्या पावडरचं, सध्या फार कौतुक आहे, पिवळ्या झाकेच्या गव्हाळ स्किनला ती छानच बसते, गडद स्किनवर मात्र आधी लावून बघा.

ड्राय स्किनला मॅट, म्हणजे चमक नसलेली पावडर, टाळा, चिरा पडतात. दमट मुंबईत टच-अप करावाच लागणार, तेव्हा डबी पर्समध्ये मावेल अशी घ्या.

पैसे देण्याआधी सील बघा, एक्सपायरी बघा, आणि उघड्या बरणीच्या चित्रात १२ किंवा २४ महिने लिहिलेलं असतं ते उघडल्यापासून मोजायचं. ऑनलाइन स्वस्त मिळतंय म्हणून मागवणार असाल तर शेड दुकानात पक्की करूनच मागवा, उघडलेली पावडर सहसा परत घेत नाहीत. आणि घरी आल्यावर डबीच्या मागचा शेडचा नंबर फोनमध्ये फोटो काढून ठेवा, तो स्टिकर पहिल्या महिन्यातच पुसला जातो.