मूरिंग नाशिकला बांधा, प्रवाह कोकणात मोजा

कोकणासमोरच्या भूखंडमंचावर (किनाऱ्यालगत समुद्राखाली पसरलेल्या उथळ तळावर) पाणी कुठे आणि किती वेगाने वाहते हे मोजायचे, तर यंत्र समुद्रात उतरवून महिनोन्‌महिने तिथेच सोडावे लागते. यंत्र, फ्रेम, दोर, तरंगक आणि नांगर अशी ही सगळी मांडणी म्हणजे मूरिंग. ती बंदरावरच जुळवली पाहिजे असे नाही. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये फ्रेम उत्तम बनते आणि गंगापूर धरणाच्या पाण्यात गळती तपासता येते. पण नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, बसाल्टवर आणि गोड्या पाण्याकाठी वसलेले आहे. या तिन्ही गोष्टी यंत्राच्या आकड्यांत शिरतात. म्हणून इथे काय पक्के करायचे आणि काय मुद्दाम किनाऱ्यासाठी राखून ठेवायचे, हे आधी ठरवावे.

पुढची सगळी मापे एका जागेसाठी धरली आहेत: रत्नागिरीसमोर ७० मीटर खोली आणि तीन महिन्यांची नोंद.

दोर की फ्रेम

पहिला निर्णय मांडणीचा. नांगरापासून वर ताठ उभा दोर आणि त्यावर ठरावीक खोल्यांवर प्रवाहमापक, ही जुनी पद्धत. दुसरीत तळावर बुटकी फ्रेम बसते आणि तिच्यातला एडीसीपी (ध्वनीने प्रवाह मोजणारे यंत्र) वर तोंड करून ध्वनी सोडतो. पाण्यातल्या बारीक कणांवरून परतणाऱ्या ध्वनीच्या बदललेल्या वारंवारतेवरून तो प्रत्येक थराचा वेग काढतो.

मंचावर फ्रेमच घ्यावी. एक कारण ओढीचे. ८ मिमी जाडीचा ६० मीटर दोर प्रवाहासमोर ०.४८ चौरस मीटर क्षेत्र धरतो. प्रवाह सेकंदाला १ मीटर असेल आणि ओढीचा गुणांक १.२ धरला, तर दोरावर सुमारे २९५ न्यूटन, म्हणजे ३० किलोचा आडवा जोर येतो. ४३ सेमी व्यासाच्या तरंगत्या गोळ्यावर तोच जोर चारेक किलो भरतो. लोक मोठा गोळा पाहून घाबरतात आणि दोराकडे दुर्लक्ष करतात. मूरिंग आडवे पाडतो तो दोर. दुसरे कारण ट्रॉलरची जाळी. पाण्यात उभा दोर असला की जाळे अडकणारच. फ्रेम बुटकी आणि उतरत्या कडांची असेल तर जाळे वरून घसरून जाण्याची शक्यता तरी राहते.

मंचाच्या कडेपलीकडे, खंडान्त उतारावर शेकडो मीटर खोलीत, मात्र उभ्या दोराला पर्याय नाही. तिथे नांगराचे वजन अंदाजाने ठरवू नका. नांगरापाशी वर खेचणारा जोर आणि आडवा जोर काढा, आडव्याला ०.६ ने (नांगर आणि तळ यांच्यातल्या घर्षणाचा गुणांक) भागून उभ्यात मिळवा आणि बेरजेची दीडपट करा. वर ४० किलो आणि आडवा ३५ किलो असेल तर नांगराचे पाण्यातले वजन सुमारे १४८ किलो हवे. हे पाण्यातले वजन आहे. पोलाद समुद्रात आपले १३ टक्के वजन गमावते, म्हणून हवेत १७० किलो पुरते. काँक्रीट ४३ टक्के गमावते, त्याचा ठोकळा २५७ किलोचा लागेल. काँक्रीट स्वस्त असले तरी होडीवरून हलवताना हा फरक अंगावर येतो.

फ्रेम बनवून घेताना

फॅब्रिकेटरला नुसते ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) सांगितले तर बहुतेक वेळा ३०४ प्रतीचे मिळते. समुद्रात ३०४ ला खड्डे पडतात. ३१६ मागा, मटेरियल सर्टिफिकेट घ्या आणि मॉलिब्डेनम (ते ३१६ मध्ये असते, ३०४ मध्ये नाही) तपासणीचा थेंब स्वतः टाकून पाहा. ३१६ सुद्धा क्लॅम्पखाली, जिथे पाणी कोंडते तिथे, कुजते. ॲल्युमिनियम ५०८३ किंवा ६०६१ हलके पडते आणि एडीसीपीतल्या कंपासला निरुपद्रवी असते. पण ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस थेट भिडले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. प्रत्येक बोल्टखाली नायलॉन किंवा ॲसिटलचे बुश आणि वॉशर घाला. जस्ताचा ॲनोड (स्वतः झिजून फ्रेम वाचवणारा तुकडा) फ्रेमच्या उघड्या धातूला घट्ट टेकला पाहिजे. त्याच्याखाली रंग राहिला किंवा कुणी हौसेने ॲनोडवरच रंग मारला, तर तो नुसता लोंबकळतो.

वाकवलेले किंवा वेल्ड केलेले ३०४ थोडे चुंबकीय होते. फ्रेम ताब्यात घेण्याआधी दोऱ्याला छोटे चुंबक बांधून प्रत्येक जोडाजवळून फिरवा. चुंबक जिथे वळेल तो भाग एडीसीपीपासून दूर न्या किंवा बदला.

शॅकल, साखळी आणि कड्या एकाच धातूच्या, हॉट-डिप गॅल्व्हनाइझ केलेल्या घ्या. शॅकलच्या पिनला कॉटर पिन हवीच. केबल टायवर भरवसा ठेवला तर लाटांच्या सततच्या हिसक्यांनी पिन फिरत फिरत बाहेर येते.

कोकणासमोर आतल्या मंचावर चिखल आहे आणि बाहेर, साधारण ५०-६० मीटरच्या पुढे, वाळू आणि जुने चुनखडीमय थर लागतात. चिखलासाठी पायांना रुंद तबके लावा, नाहीतर फ्रेम रुतते आणि उचलताना चिखल सोडत नाही. खडबडीत तळ असेल तर एडीसीपी गिंबलमध्ये (फ्रेम कलली तरी यंत्र सरळ ठेवणाऱ्या झुलत्या बैठकीत) बसवा. झुकाव १५ अंशांच्या आत राहिला पाहिजे. २० अंशांपुढे बहुतेक यंत्रांचा झुकावमापकच थकतो.

कंपास: बसाल्टवरचा खरा त्रास

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मंचावर किनाऱ्याला समांतर प्रवाह जोरदार आणि किनाऱ्याकडे येणारा-जाणारा प्रवाह क्षीण असतो. समांतर वेग सेकंदाला ५० सेमी असताना कंपास ५ अंशांनी चुकला, तर काटकोनात ४.४ सेमीचा खोटा प्रवाह उमटतो. खरा आडवा प्रवाह बहुधा तेवढाच असतो. म्हणजे तुम्ही ज्यावरून गाळ कुठे गेला, अळ्या कुठे गेल्या असे निष्कर्ष काढणार, तो आकडा निव्वळ कंपासची चूक असू शकतो.

महाराष्ट्रात पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा आडवा घटक चांगला दणकट आहे, त्यामुळे कंपास स्थिर बसतो. अडचण पायाखाली आहे. दख्खनचा बसाल्ट थंड होताना चुंबकीय झाला, आणि उघड्या कातळावर काही पावलांच्या अंतरात सुई फिरते. विजेच्या ट्राममुळे मोजणी बिघडू नये म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ च्या सुमारास अलिबागला हलवली गेली. आपण निदान पार्किंगच्या बाहेर तरी जावे.

जागा अशी तपासा. जाड मातीचे मोकळे शेत किंवा मैदान निवडा; कातळ, सळ्यांचा कोबा, विहिरीची लोखंडी मोटार आणि तारेचे कुंपण दूर हवे. जमिनीवर २० मीटरची सरळ दोरी ताणा. हातातल्या होकायंत्राने दोरीच्या दोन्ही टोकांवरून एकमेकांकडची दिशा घ्या. दोन वाचनांत बरोबर १८० अंशांचा फरक यायला हवा. मग दोरीवर दर दोन मीटरला थांबून तेच करा. दोन अंशांहून जास्त फरक दिसला तर जागा सोडा. नाशिकजवळ अशी जागा मिळते, पण पहिल्याच दिवशी मिळेल असे नाही. न मिळाल्यास हे काम किनाऱ्यावर करा. मात्र कोकणातला काळा कातळही बसाल्टच, तेव्हा वाळूचा पुळणकाठ पाहा.

कॅलिब्रेशन नव्या बॅटऱ्या घालून, यंत्र फ्रेममध्ये बसवून, रिलीज (होडीवरून ध्वनीचा संकेत मिळताच फ्रेम वर येण्यासाठी सोडणारे यंत्र) आणि ॲनोड लावूनच करा. अल्कलाइन सेलचे कवच पोलादी असते. बॅटरी बदलली की कंपासची चूक बदलते. लाकडी फिरत्या पाटावर फ्रेम ठेवून पूर्ण चक्कर हळूहळू द्या, मग एका बाजूला थोडी कलवून पुन्हा. मोबाइल, किल्ल्या आणि बकलाचा पट्टा बाजूला काढून ठेवा. उरलेली चूक २ अंशांखाली आली की थांबा.

दाब आणि पाणी

दाबमापकाचे शून्य नाशिकमध्ये लावू नका. इथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे ६५-७० हेक्टोपास्कलने कमी असतो. इथे शून्य केलेले यंत्र समुद्राच्या पृष्ठभागावरच पाऊण मीटरच्या आतबाहेर खोली दाखवेल. शून्य बंदरावर, टाकायच्या दिवशी, सावलीत. त्या वेळचा बॅरोमीटर वहीत लिहा.

गंगापूरच्या पाणफुगवट्यात चाचणी करायची तर जलसंपदा विभागाची परवानगी आधी घ्या. ते शहराचे पिण्याचे पाणी आहे, तिथे ताजा अँटीफाउलिंग (शंख-शिंपले बसू न देणारा) रंग लावलेली फ्रेम बुडवायची नाही. चोवीस तास बुडवून गळती, घड्याळ आणि नोंद तपासा. सोबत अकूस्टिक रिलीजचा संवाद आणि सुटका दोन्ही करून पाहा. यंत्राच्या सेटिंगमध्ये क्षारता शून्यावर ठेवा. पाणी नितळ असेल तर कणच नसल्याने परतणारा आवाज क्षीण येतो; यंत्र बिघडले असे समजू नका.

मग क्षारता ३५ वर परत न्यायची, आणि नेमके हेच विसरले जाते. २८ अंश तापमानाला गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०४ मीटर आणि खाऱ्यात १५४१ मीटर जातो. सेटिंग शून्यावर राहिले तर सगळे वेग अडीच टक्के कमी येतात. तेवढाच फरक तरंगण्यातही आहे: गोड्या पाण्यात जेमतेम वर येणारी फ्रेम समुद्रात आरामात येते, पण उलटा हिशेब कधी करू नका.

झाकणाची ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) काढून पुसा, भिंगाखाली पाहा, सिलिकॉन ग्रीसचा फक्त ओलसर थर द्या. एक केस पुरतो गळतीला.

सेटिंग

७० मीटरला ३०० किलोहर्ट्‌झ योग्य. ६०० ची पोच साधारण ५० मीटरवर संपते. थर २ मीटरचा ठेवा. २० अंशांच्या बीमला वरचा ६ टक्के भाग पृष्ठभागाच्या परावर्तनाने वाया जातो, त्यात एक थर मिळवला की वरचे सहा मीटर हातचे जातात. वाऱ्याने वाहणारे पाणी नेमके तिथेच असते, याला इलाज नाही.

एका पिंगमध्ये (ध्वनीच्या एका ठोक्यात) सेकंदाला ७ सेमीची अनिश्चितता धरली, तर ५० पिंगांच्या सरासरीने ती १ सेमीवर येते. हे ५० पिंग दर ३ सेकंदांनी सोडा. पिंगमधले अंतर १०-१२ सेकंद ठेवले तर ते पावसाळी फुगाऱ्याच्या लाटेच्या आवर्तनाशी जुळते आणि लाटेचाच वेग प्रवाह म्हणून नोंदला जातो. असा संच दर अर्ध्या तासाला पुरे; अंतर्गत लाटा पाहायच्या असतील तर दर ५ मिनिटांनी, आणि बॅटरी त्या हिशेबाने. क्षमतेच्या सत्तर टक्क्यांतच मोहीम बसवा.

घड्याळ यूटीसीवर. नोंद भारतीय वेळेत आणि विश्लेषण यूटीसीत झाले, तर साडेपाच तासांच्या फरकाने १२.४२ तासांच्या मुख्य भरतीचा टप्पा १५९ अंशांनी सरकतो. भरतीची जवळपास ओहोटीच होते.

टाकणे आणि काढणे

महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी साधारण १ जून ते ३१ जुलै बंद असते. पावसाळी प्रवाह हवा असेल तर मेच्या अखेरीआधी फ्रेम टाका आणि सप्टेंबरमध्ये काढा. हिवाळी नोंदीत ट्रॉलर पूर्ण काळ अंगावर असतात. मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र सागरी मंडळ आणि तटरक्षक दल यांना कळवाच, पण खरे संरक्षण स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेत बसून तांडेलांना जागा दाखवल्याने मिळते. फ्रेमवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा: हे काय आहे, स्फोटक नाही, सापडल्यास कुणाला फोन करायचा.

घाट उतरताना यंत्र फोममध्ये आणि सावलीत असावे. बंद टेम्पोतली उन्हाळी उष्णता बॅटरी खाते. फ्रेम विंचने तळापर्यंत सोडा, फेकू नका. फ्रेमपासून खोलीच्या दुप्पट-तिप्पट लांबीचा दोर तळावर सरळ पसरून टोकाला छोटा नांगर लावा. रिलीज निकामी झाला तर गळ टाकून हाच दोर पकडायचा असतो. त्याच्या दोन्ही टोकांचे जीपीएस लिहून ठेवा. रिलीजशी बोलताना होडीचा इको साउंडर बंद हवा.

ट्रान्सड्यूसरवर झिंक ऑक्साइडचे मलम पातळ लावले तर शंख-शिंपले कमी बसतात. बाकी भागांवर तांब्याची टेप चालते, ॲल्युमिनियमवर मात्र नाही.

काढल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवा, पण लगेच उघडू नका. आत पाणी शिरले असेल तर बॅटरीतून वायू तयार होऊन झाकण दाबाखाली असते. तोंड माणसांपासून दूर ठेवून सगळे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा. घाट चढून नाशिकला येईपर्यंत बाहेरचा दाब आणखी घटतो, म्हणून संशयास्पद यंत्र किनाऱ्यावरच उघडावे.

नोंदीतून आधी पाण्याबाहेरचा आणि फ्रेम स्थिरावण्याचा काळ कापा, मग चुंबकीय विचलन लावा (खरी उत्तर आणि कंपासची उत्तर यांतला कोन; या किनाऱ्यावर तो अंशभराच्या आसपास आहे), मग अक्ष समखोली रेषेच्या दिशेने फिरवा. १२.४२ आणि १२ तासांच्या भरती वेगळ्या करायला निदान १५ दिवसांची सलग नोंद लागते. रत्नागिरीच्या अक्षांशावर सुमारे ४१ तासांचे जडत्वीय आवर्तनही (पृथ्वीच्या फिरण्यामुळे प्रवाहाचे गोल फिरणे) दिसेल. ते भरतीत मिसळू देऊ नका. त्याखाली उरतो तो ऋतूंचा प्रवाह, पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडे. तीन महिन्यांच्या एका नोंदीवरून वर्षाची सरासरी काढायला जाऊ नये.