न्यू जर्सीत घर बघताना शाळेचं काय काय बघाल

न्यू जर्सीत मूल कोणत्या सरकारी शाळेत जाणार हे घराच्या पत्त्यावर ठरतं, आणि नवीन माणूस पहिला फसतो तो इथेच. पत्त्यात ‘प्रिन्स्टन’ आणि ०८५४० हा पिनकोड असला तरी घर प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर किंवा साउथ ब्रन्सविकच्या हद्दीत असू शकतं. पोस्टाचं गाव वेगळं, टाउनशिप (स्थानिक कारभाराची हद्द) वेगळी. म्हणून लीझवर (भाडेकरारावर) सही करण्याआधी स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, ऑफिसात फोन करा, घरनंबर आणि रस्ता सांगा, आणि एलिमेंटरीपासून हायस्कूलपर्यंतच्या शाळांची नावं लिहून घ्या. छोट्या गावाचं डिस्ट्रिक्ट बरेचदा आठवीलाच संपतं. क्रॅनबरीची मुलं नववीपासून प्रिन्स्टन हायस्कूलला जातात, ते असं.

नावनोंदणीला लीझ, विजेचं किंवा गॅसचं बिल आणि मुलाचा जन्मदाखला तयार ठेवा. आईवडिलांचा व्हिसा शाळेने विचारायचा नसतो. किंडरगार्टनसाठी (पहिलीच्या आधीचा वर्ग) बहुतेक ठिकाणी १ ऑक्टोबरपर्यंत ५ वर्षं पूर्ण लागतात.

खरी अडवणूक होते ती लसींवर. भारतातलं लसीचं कार्ड पूर्ण भरलेलं असूनही शाळेची नर्स ते परत करते, कारण हिशेबच वेगळा आहे. गोवराचा ९ महिन्यांचा डोस इथे धरत नाहीत. पहिल्या वाढदिवसानंतरचाच चालतो, आणि एकूण दोन लागतात. भारतातल्या सरकारी दवाखान्यातल्या एमआर (गोवर-रुबेला) लसीत गालगुंडाची लस नसते, त्यामुळे तिन्हींची एमएमआर घ्यावी लागते. कांजिण्यांची लस भारताच्या सरकारी वेळापत्रकात नाही, इथे सक्तीची आहे. त्रिगुणीचे चार डोस झाले असले तरी त्यातला एक चौथ्या वाढदिवसानंतरचा हवा, आणि दीड वर्षाच्या बूस्टरवर थांबलेली मुलं नेमकी तिथे अडतात. एप्रिल २०१६ नंतरचे पोलिओचे थेंब अमेरिकन नियमांत मोजत नाहीत, इंजेक्शनचे डोस मोजतात. भारतातल्या डॉक्टरकडून तारखा इंग्रजीत, सही-शिक्क्यासह लिहून आणा. ‘वेळापत्रकानुसार दिल्या’ एवढ्यावर भागत नाही. टीबीची चाचणी मागितली तर रक्ताची करून घ्या. बीसीजीमुळे कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रेच्या फेऱ्या.

नोंदणीत घरी कोणती भाषा बोलता हे विचारतात. बिनधास्त ‘मराठी’ लिहा. इंग्रजीची चाचणी होईल. गरज असेल तर जादा शिकवणी फुकट मिळते, मूल मागे ढकललं जात नाही.

फुकट बसचा हक्क आठवीपर्यंत घर शाळेपासून २ मैलांपेक्षा, पुढे अडीच मैलांपेक्षा लांब असेल तरच. त्याआत असाल तर डिस्ट्रिक्ट पैसे घेऊन जागा देतं का, ते उन्हाळ्यातच विचारा.

वर्ष साधारण १८० दिवसांचं. १० टक्के, म्हणजे १८ दिवस बुडाले की मूल ‘सतत गैरहजर’ यादीत जातं, आणि डिसेंबरच्या सुट्टीला जोडलेली महिनाभराची भारतवारी त्यातले बरेच दिवस खाते. दिवाळी राज्याच्या धार्मिक सुट्ट्यांच्या यादीत आहे. आईवडिलांच्या सहीची चिठ्ठी दिली की त्या दिवसाची गैरहजेरी माफ होते. चिठ्ठी मात्र द्यायलाच हवी.