बझरनंतरचा टेक्निकल: पंचांनी आधीच ठरवून ठेवायच्या गोष्टी

सामन्याआधीच्या बैठकीत पंच आणि टेबलवरच्या मंडळींनी फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांतला टेक्निकल फाऊलचा, म्हणजे शेरेबाजीसारख्या गैरवर्तनासाठीच्या फाऊलचा, हा तुकडा एकत्र बसून बोलून घ्यावा. क्वार्टर संपल्यावर सगळ्यांचं लक्ष पाण्याच्या बाटल्यांकडे जातं आणि शेरेबाजी नेमकी तेव्हाच होते. म्हणून बझर वाजला तरी दोन्ही संघ आपापल्या बेंचवर पोचेपर्यंत निदान एका पंचाने पाठ फिरवायची नाही, हे आधीच वाटून घ्या.

पहिला प्रश्न एकच: फाऊल बझरच्या आधी की नंतर? आधीचा असेल तर तो संपलेल्या क्वार्टरचा. नंतरचा असेल तर तो विश्रांतीतला, म्हणजे संघाच्या फाऊलमध्ये पुढच्या क्वार्टरच्या खात्यात जातो. स्कोअररची गडबड इथेच होते. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनाने, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या पेनाने लिहितात. पहिल्या क्वार्टरनंतरचा टेक्निकल हातात लाल पेन आहे म्हणून लालने लिहिला, आणि संघाचा फाऊलही पहिल्याच क्वार्टरच्या चौकटीत नोंदवला, की संघाच्या पाचव्या फाऊलच्या वेळी टेबलवर गोंधळ ठरलेला. अर्ध्या वेळेला तर फाऊलच्या रकान्यांत जाड रेघ मारलेली असते. नोंद रेघेच्या पुढे आली की नाही, हे पंचाने स्वतः वाकून पाहावं.

मग कोणी केला ते बघा. विश्रांतीत खेळण्यास पात्र असलेला प्रत्येक जण खेळाडूच धरला जातो. त्यामुळे राखीव खेळाडूचा टेक्निकल त्याच्या नावावर आणि संघाच्या फाऊलमध्येही मोजायचा. पाच फाऊल होऊन बाहेर बसलेला खेळाडू, सहायक कोच किंवा संघाचा इतर सदस्य असेल तर तो मुख्य कोचच्या नावावर ‘बी’ म्हणून जातो, खुद्द कोचचा असेल तर ‘सी’. हे दोन्ही संघाच्या फाऊलमध्ये धरत नाहीत. खेळाडूचा हा दुसरा टेक्निकल तर नाही ना, कोचचा दुसरा ‘सी’ तर नाही ना, हे खेळ सुरू करण्याआधी स्कोअरशीटवर तपासा. असेल तर तो अपात्र.

शिक्षा म्हणजे समोरच्या संघाला एक फ्री थ्रो (कोणी न अडवता बास्केटमध्ये टाकायचा नेम), पुढचा क्वार्टर सुरू होण्याआधी. तो कोणी टाकायचा हे त्या संघाचा कोच ठरवतो, रिबाउंडला (हुकलेला बॉल पकडायला) कोणी उभं राहत नाही. सामन्याआधीच्या 20 मिनिटांत टेक्निकल झाला तर मात्र टाकणारा सुरुवातीच्या पाचांतलाच हवा, आणि त्यानंतर जंप बॉल (पंच बॉल वर उडवतो, दोन खेळाडू उडी मारतात). इतर वेळी फ्री थ्रोनंतर बाण (पुढचा बॉल कोणाचा हे दाखवणारी टेबलवरची खूण) ज्याचा, बॉल त्याचा: टेबलच्या विरुद्ध बाजूला, मध्यरेषेवरून. टेक्निकलमुळे बाण फिरत नाही, तो थ्रो-इन (बाहेरून बॉल मैदानात टाकणं) पूर्ण झाल्यावरच फिरवायचा. जुन्या नियमात फ्री थ्रोबरोबर बॉलही मिळायचा, त्यामुळे काही कोच तो मागतात. दोन वाक्यांत सांगून मोकळे व्हा, नाहीतर 2 मिनिटांची विश्रांती त्यातच संपते.

चौथ्या क्वार्टरनंतर बरोबरी असेल तर हेच सगळं जादा वेळेआधी करायचं, फक्त संघाचा फाऊल चौथ्या क्वार्टरच्याच खात्यात पुढे मोजला जातो. बरोबरी नसेल तर सामना संपला, आता टेक्निकल देता येत नाही. घडला प्रकार मुख्य पंचाने सही करण्याआधी स्कोअरशीटवर नोंदवायचा आणि आयोजकांना सविस्तर अहवाल पाठवायचा.