टेक्सासच्या बार्बेक्यू ट्रेलरवर जेवायला जाताय? या चुका टाळा

दुपारी दीडची वेळ. पाऊण तास गाडी चालवून तुम्ही पोहोचता आणि ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या छोट्या स्वयंपाकघराच्या, खिडकीवर ‘सोल्ड आउट’ची पाटी लटकलेली दिसते. ऑस्टिनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या बहुतेक मराठी घरांनी हा अनुभव एकदा तरी घेतलाय. भारतातून पाहुणे आले की त्यांना टेक्सासचं खरं जेवण दाखवायचं म्हणून आपण निघतो आणि नेमकं तेव्हाच असं होतं. मी गेली कित्येक वर्षं या ट्रेलरांवर जेवतेय. काही चुका मी केल्या, काही माझ्यासमोर रांगेत झाल्या. जवळजवळ सगळ्यांचं मूळ एकच: आपण हॉटेलच्या हिशेबानं जातो. हॉटेलात ऑर्डर दिल्यावर पदार्थ बनतो. इथे तुमचं जेवण आदल्या दिवशीच विस्तवावर चढलेलं असतं.

उशिरा जाणं

एक अख्खं ब्रिस्केट, म्हणजे बैलाच्या छातीचा भाग, कच्चं असताना पाच-सहा किलोचं असतं. साधारण 110 ते 135 अंश सेल्सिअसच्या धगीवर ते दहा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ शिजतं आणि नंतर काही तास नुसतं मुरत ठेवतात. सकाळी अकराला खिडकी उघडायची असेल तर मांस आदल्या दिवशी दुपारी किंवा संध्याकाळी स्मोकरमध्ये, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या भट्टीत, गेलेलं असतं आणि रात्रभर कुणीतरी जागून ओकची लाकडं सारत बसलेलं असतं. स्मोकर बहुधा जुन्या प्रोपेन टाकीतून कापून बनवलेला, त्यात मावेल तेवढंच मांस. संपलं की नवीन टाकून तासाभरात वाढता येत नाही.

‘फ्रँकलिन बार्बेक्यू’वाले अ‍ॅरन फ्रँकलिन यांनी 2009 साली ऑस्टिनमध्ये अशाच एका ट्रेलरमधून सुरुवात केली. 2011 मध्ये ते पक्क्या जागेत गेले, तरी मांस संपेपर्यंतच दुकान हा नियम राहिला. लेक्सिंग्टन या छोट्याशा गावातलं ‘स्नोज’ तर आठवड्यातून एकच दिवस, शनिवारी सकाळी आठला उघडतं.

म्हणून ट्रेलरचे वार आधी बघा. पुष्कळ जण गुरुवार किंवा शुक्रवारपासून रविवारपर्यंतच चालवतात. निघण्याआधी त्यांचं इन्स्टाग्राम उघडा, त्या दिवशी काय आहे ते सकाळीच टाकलेलं असतं. बीफ रिब, म्हणजे मांसासकट मोठी बरगडी, हवी असेल तर शनिवार गाठा, अनेक ठिकाणी ती तेव्हाच मिळते. आणि उशीर झालाच तर लगेच गाडी वळवू नका. ब्रिस्केट संपलं तरी सॉसेज किंवा टर्की शिल्लक असते. कडेचे तुकडे बारीक चिरून केलेलं सँडविच मिळालं तर जरूर घ्या.

माणशी एक प्लेट असा हिशेब करणं

इथे मांस वजनावर विकतात. अर्धा पाउंड म्हणजे 227 ग्रॅम. सोबत बीन्स, बटाट्याचं सॅलड, ब्रेड असेल तर सगळं मांस मिळून माणशी तेवढं पुरतं. चार मोठी माणसं असतील तर एक पाउंड ब्रिस्केट, दोन सॉसेज आणि चार पोर्क रिब्ज घेऊन सुरुवात करा. एकट्या बीफ रिबचं वजन हाडासकट अर्ध्या किलोच्या घरात जातं, ती दोघांत-तिघांत वाटून खायची गोष्ट आहे.

काट्यावर होतं ते शिजलेल्या मांसाचं वजन. कच्च्या ब्रिस्केटची चरबी छाटून, रात्रभर शिजवून हातात साधारण निम्मंच उरतं. पाउंडाचा भाव ऐकून दचकायला होतं त्याचं कारण हे. त्यावर ऑस्टिनमध्ये 8.25 टक्के कर लागतो, वर टिप.

‘ब्रिस्केट द्या’ म्हणून गप्प राहणं

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. ब्रिस्केटमध्ये दोन स्नायू असतात. एक सपाट आणि कमी चरबीचा, त्याला ‘लीन’ म्हणतात. दुसरा त्याच्यावरचा जाड, चरबीच्या जाळीचा, तो ‘मॉइस्ट’ किंवा ‘फॅटी’. तुम्ही काहीच बोलला नाहीत तर कापणारा त्याच्या समोर जे असेल ते देईल. चरबी नको म्हणून हट्टानं फक्त लीन मागणारे नंतर ‘कोरडं होतं’ म्हणतात. माझं ऐकाल तर पहिल्यांदा निम्मं-निम्मं घ्या. आणि ‘बार्क’ असलेला कडेचा तुकडा आवर्जून मागा. मीठ, मिरी आणि धूर यांचा तो काळा, कुरकुरीत थर म्हणजे रात्रभराच्या मेहनतीचा सगळा अर्क.

खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाशी बोला. मागे रांग आहे म्हणून आपल्याला संकोच वाटतो, पण त्याला विचारलेलं आवडतं. आज काय चांगलं झालंय, असं साधं विचारलं तरी पुष्कळ ठिकाणी तो एक काप कागदावर ठेवून तुमच्यासमोर सरकवतो.

तो काप बोटावर आडवा टाकून बघा. चांगलं शिजलेलं ब्रिस्केट दोन्ही बाजूंना लवतं, पण तुटत नाही. दोन टोकं धरून हलकं ओढलं की सुटतं. रबरासारखं ताणलं गेलं तर कमी शिजलंय, उचलताच भुगा झाला तर जास्त. पाया तासन्‌तास उकळल्यावर रस्सा बोटांना चिकटतो ना, तेच इथे मांसाच्या आत घडतं: चिवट कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं. त्याला घाई चालत नाही. घरी तुम्हीच कापणार असाल तर तंतूंना आडवं कापा. दोन स्नायूंचे तंतू वेगवेगळ्या दिशांना जातात, त्यामुळे मधे आल्यावर तुकडा वळवून घ्यावा लागतो.

गुलाबी दिसलं म्हणून परत करणं

एकदा माझ्या पुढच्या कुटुंबानं कच्चं आहे म्हणून अख्खी थाळी परत केली. मला फार वाईट वाटलं, कारण मांस उत्तम होतं. बार्कच्या खाली जो गुलाबी पट्टा दिसतो त्याला ‘स्मोक रिंग’ म्हणतात. लाकूड जळताना निघणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनशी जोडला जातो आणि तो रंग शिजल्यावरही टिकतो. ते ब्रिस्केट आतून 95 अंशांच्या आसपास पोहोचलेलं असतं. टर्कीतही कडेला गुलाबी छटा येते. शंका असेल तर तापमान किती होतं ते विचारा. यांच्या खिशात थर्मामीटर असतोच.

आधीच सॉस ओतणं

मध्य टेक्सासचं बार्बेक्यू जर्मन आणि चेक खाटकांच्या दुकानांतून आलं. लॉकहार्ट, टेलर, एल्गिन ही त्यातली गावं. न खपलेलं मांस ते धुरावर शिजवून कागदात बांधून द्यायचे आणि गिऱ्हाईक तिथेच उभं राहून खायचं. लॉकहार्टला 1900 साली सुरू झालेल्या क्रॉइझ मार्केट या बार्बेक्यूच्या दुकानात वर्षानुवर्षं सॉसही नव्हता आणि काटेही नव्हते. कान्सास सिटीचा गोड, दाट सॉस ही वेगळी परंपरा आहे. इथे पहिले दोन घास नुसते खा. मग कच्चा कांदा आणि काकडीचं लोणचं तोंडी लावा. त्यांचं काम आपल्या कांदा-लिंबासारखं, चरबीला उतारा.

‘बीन्स आहेत, म्हणजे शाकाहारी’ असं समजणं

हे मी कळकळीनं सांगते. आमच्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्यासाठी मी बीन्स आणि ब्रेड घेतला. राजम्याच्याच भावकीतल्या पिंटो बीन्स, मला काही वावगं वाटलं नाही. दोन घास झाल्यावर त्यांना मांसाचा धागा लागला. ब्रिस्केटची छाटण त्यात घालायची रीत आहे, हे मी विचारलं नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढे जेवल्याही नाहीत.

तेव्हापासून मी आधी विचारते: बीन्समध्ये मांस किंवा चरबी आहे का? बटाट्याच्या सॅलडमध्ये बेकन आहे का? पालेभाजी असेल तर त्यात डुक्कर बहुधा असतंच. कोबीचं सॅलड त्यातल्या त्यात सुरक्षित, तरी अंड्याचं मेयोनीज चालतं का ते बघा.

बीफ न खाणाऱ्यांसाठी टर्की आणि पोर्क रिब्ज आहेत, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. सॉसेजमध्ये बहुधा बीफ असतं, कधी एकटं तर कधी पोर्कसोबत. आणि सगळं एकाच फळीवर, एकाच सुरीनं कापतात. रांग लहान असताना नीट सांगितलं तर ते फळीवर नवा कागद घालून, सुरी पुसून देतात. स्मोकर मात्र एकच असतो. हे ज्यांना मुळीच चालणार नाही त्यांना भुकेलं नेऊ नका. घरून डबा न्या आणि तिथल्या बाकावर खायला चालेल का तेवढं विचारा.

उरलेल्याची हेळसांड

ऑस्टिनच्या उन्हाळ्यात डिकीत ठेवलेलं मांस घेऊन खरेदीला जाऊ नका. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. मी बर्फाची पेटी सोबतच नेते.

घरी न्यायचंच असेल तर काप न करता अखंड तुकडा मागा. मायक्रोवेव्हमध्ये टाकलेले काप मिनिटभरात चामडं होतात. तुकडा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, आत चमचाभर पाणी घाला आणि 120 अंशांच्या ओव्हनमध्ये आतून 74 अंशांपर्यंत गरम होऊ द्या. ओव्हन लावायचा नसेल तर तीच पुडी इडलीपात्रात वाफवा. वाफेवर चरबी पुन्हा मऊ होते. कडेचे बारीक तुकडे उरले तर दुसऱ्या दिवशी सकाळी कांदा आणि हिरवी मिरची परतून त्यात टाका, वर दोन अंडी फोडा आणि गरम टॉर्टियात गुंडाळून खा. वेगळं तेल घालायची गरज पडत नाही.