लायब्ररीच्या पोटात शोधाशोध करायच्या आधी

२०२१ च्या जुलैत पंचगंगेला पूर आला, शिरोलीजवळ हायवे बंद झाला आणि आमच्याकडं नेट गेलं, त्या दोन दिवसांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. डॉक्युमेंटेशन उघडत नव्हतं, पण लायब्ररीचा (दुसऱ्यांनी लिहिलेला, आपण प्रोग्रॅममध्ये वापरतो तो तयार) कोड लॅपटॉपवर आधीच उतरलेला असतोय की, टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, नीट शोधला तर बहुतेक उत्तरं तिथंच सापडतात. तेव्हापासून टीममध्ये नवीन पोरं आली की ही तयारी मी त्यांच्याकडून करून घेतो, आणि आता पाऊस तोंडावर आलाय म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी लायब्ररीची कुठली कॉपी चालतीय ते बघा. ह्यावर मी सगळ्यात जास्त जोर देणार, कारण माझी एक अख्खी दुपार ह्यातच गेलीय, मी सिस्टिमच्या पायथनमधली फाइल वाचत होतो आणि प्रोग्रॅम चालत होता व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या (प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथनमधल्या) वेगळ्याच व्हर्जनवर. प्रोग्रॅम ज्या टर्मिनलवरून चालवता तिथंच पायथन उघडा, लायब्ररी इम्पोर्ट करा आणि तिचं डबल अंडरस्कोरवालं फाइल (__file__) प्रिंट करा, जो पाथ येईल तो खरा. पिप म्हणजे पायथनच्या लायब्रऱ्या उतरवणारं हत्यार, त्याच्या पिप शो नं पण लोकेशन आणि व्हर्जन मिळतंय, फक्त नुसतं पिप न लिहिता पायथन डॅश एम पिप असं लिहा, म्हणजे तुम्ही ज्या पायथनबद्दल विचारताय त्याचंच पिप उत्तर देतंय. नोडवाल्यांना एनपीएम रूट आहे, रूबीवाल्यांना बंडल इन्फो, काम तेच.

मग शोधायचं काय ते ठरवा, इथं घाई नको. समजा रिक्वेस्ट्स (वेबवरून माहिती मागवायची पायथनची लायब्ररी) वापरताना एरर आली, मॅक्स रिट्राइज एक्सिडेड विथ यूआरएल, आणि पुढं तुमच्या सर्व्हरचा पाथ. ती अख्खी ओळ कॉपी करून शोधली तर काहीच मिळणार नाही, कारण पाथ प्रोग्रॅम चालताना भरला जातोय, कोडमध्ये फक्त सुरुवातीचे शब्द असतात. म्हणून न बदलणारा तुकडा तेवढा उचला. आणि रिक्वेस्ट्सच्याच फोल्डरमध्ये शोधलं तरी ते वाक्य मिळणार नाही, ते राहतंय रिक्वेस्ट्स आतून जी दुसरी लायब्ररी वापरतंय त्या यूआरएललिबथ्री मध्ये, एक्सेप्शन्स नावाच्या फाइलीत, मॅक्सरिट्रायएरर ह्या क्लासखाली. त्यामुळं एका लायब्ररीवर अडून न बसता अख्ख्या साइट-पॅकेजेस फोल्डरवर, म्हणजे उतरवलेल्या सगळ्या लायब्रऱ्या जिथं राहतात तिथं, शोध लावा. तेव्हा बहुतेक दोन फाइली दिसतील, दुसरी पिपच्या अंडरस्कोर व्हेंडर फोल्डरमधली, ती पिपनं स्वतःच्या वापरासाठी ठेवलेली कॉपी, तुमच्या प्रोग्रॅमशी तिचा संबंध नाही, तिला हात लावायचा नाही.

आता हत्यार. फाइलींतला मजकूर शोधणारी ग्रेप ही कमांड १९७३ पासूनची, केन थॉम्पसननं केलेली, आणि त्या नावातच रेग्युलर एक्स्प्रेशन (खुणांनी लिहिलेला शोधायचा नमुना) आहे, म्हणजे तुम्ही टाकलेला डॉट म्हणजे कुठलंही एक अक्षर. डॉट, ब्रॅकेट, स्टार असला मजकूर आहे तसा शोधायचा असला तर डॅश कॅपिटल एफ हा ऑप्शन लावा. शब्द नेहमी सिंगल कोटमध्ये टाका, नाहीतर स्टार आणि डॉलर ग्रेपपर्यंत पोचायच्या आधीच शेल (टर्मिनलमध्ये तुमची कमांड वाचणारा प्रोग्रॅम) खाऊन टाकतंय. बाकीचे ऑप्शन असे, छोटा आर फोल्डरच्या आत उतरायला, एन लाइन नंबरला, कॅपिटल आय बायनरी फाइली सोडायला, कारण पायकॅशमधल्या (पायथननं स्वतः कंपाइल करून ठेवलेल्या) फाइली उगाच जुळतात, आणि कॅपिटल सी तीन दिला की मागच्यापुढच्या तीन ओळी दिसतात, मला त्याशिवाय जमतच नाही. एक लक्षात ठेवा, छोटा आर वाटेत लागलेल्या सिमलिंकच्या (दुसऱ्या जागेकडं बोट दाखवणाऱ्या फाइलीच्या) आत जात नाही, कॅपिटल आर जातोय, नोडच्या लायब्रऱ्या सिमलिंकनं जोडणारं पीएनपीएम वापरणाऱ्यांना हा फरक लगेच नडतो.

रिपग्रेप हे ग्रेपसारखंच नवीन हत्यार, भारी वेगात चालतंय आणि मी दिवसभर तेच वापरतो, पण लायब्ररीत शोधताना त्याची एक सवय घात करते. गिटइग्नोरमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटनं काय सोडायचं त्या यादीत) जे लिहिलंय ते आणि डॉटनं सुरू होणारी फोल्डरं ते आपणहून सोडून देतंय, आणि आपली नोड मॉड्यूल्स, डॉट व्हेन्व्ह सगळी नेमकी त्यातच बसतात. तिथं डॅश यू दोनदा लावा, म्हणजे दोन्हीत बघतंय. गिटच्याच गिट ग्रेप ह्या शोधाचंही तसंच, साधं चालवलं तर ते गिटमध्ये असलेल्या फाइलीच बघणार.

म्हणून खरा शोध घ्यायच्या आधी एक चाचणी घ्या, जो शब्द तिथं आहे हे तुम्हाला शंभर टक्के माहीत आहे तो आधी शोधा, साधं मॅक्सरिट्रायएरर टाका. तो मिळाला तरच पुढच्या रिकाम्या उत्तराला अर्थ, नाहीतर काही न मिळणं म्हणजे कोडमध्ये नाही की बघितलंच नाही हे कळायला मार्ग नाही. माझ्याकडं काम करणाऱ्या एका पोरीनं कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवलंय, आधी माहितीचा शब्द. मला फार बरं वाटलं ते बघून.

डॉट मिन डॉट जेएसवाल्या (आकार कमी करायला दाबून लिहिलेल्या जावास्क्रिप्टच्या) फाइली बाहेर ठेवा, त्यात सगळा कोड एका ओळीत असतोय आणि एक मॅच मिळाली की स्क्रीन भरून जाते. डॉट एसओ फाइली कंपाइल झालेल्या असतात, त्यांच्यात स्ट्रिंग्ज ह्या कमांडनं मजकूर दिसेल पण लॉजिक वाचता येणार नाही, तेव्हा ज्या लायब्ररीत असल्या फाइली आहेत तिचा सोर्स नेट चालू असतानाच पिप डाउनलोडला नो बायनरी (कंपाइल केलेलं नको) सांगून उतरवून ठेवा, आणि व्हर्जन इन्स्टॉल असलेलंच घ्या, नवीन नको. साइट-पॅकेजेसमध्ये एखादी प्रिंटची ओळ घालून बघावीशी वाटली तर घाला, पण काम झाल्यावर पिपनं फोर्स रीइन्स्टॉल करून मूळ फाइल परत आणा, ते पण नेट असतानाच. आणि सापडलेल्या जागेचा पाथ, लाइन नंबर आणि लायब्ररीचं व्हर्जन तिन्ही एकत्र लिहा, पुढच्या अपग्रेडला ओळी हलतात आणि नुसता लाइन नंबर मग भलत्याच फंक्शनकडं नेतो.