यिर्मया ३१ आणि दोन चौकटी

ईश्वरविज्ञानाच्या पहिल्या वर्षी मला एक निबंध लिहायचा होता : बायबलातल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात (३१:३१) देव ज्या ‘नव्या करारा’चं वचन देतो, तो कोणाशी? मी दोन रात्रींत लिहून टाकला. परत आला तेव्हा समासात सरांनी एवढंच विचारलं होतं, ‘हे वचन सांगतं, की तुझ्या बायबलातली तळटीप?’

माझ्याकडे स्कोफील्डचं बायबल होतं. १९०९ साली पहिल्यांदा निघालेल्या या आवृत्तीत वचनांच्या खालीच टिपा छापलेल्या असतात. वर्षानुवर्षं तेच पान वाचून कुठे वचन संपतं आणि कुठे टीप सुरू होते, याचं भान मला राहिलं नव्हतं. म्हणून नव्याने शिकायला येणाऱ्यांना मी आधी हेच सांगते : टिपा नसलेली एक प्रत जवळ ठेवा.

मग यिर्मयाचा तोच उतारा घ्या. तिथे करार इस्राएलाच्या आणि यहूदाच्या घराण्याशी आहे, असं स्पष्ट लिहिलंय. पहिली चौकट, म्हणजे देवाचा माणसांशी व्यवहार वेगवेगळ्या कालखंडांत विभागणारा डिस्पेन्सेशनॅलिझम, मानणारे इथे ठाम उभे राहतात; स्कोफील्डच्या टिपाही याच विचाराच्या. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बीने मांडलेल्या या विचारात इस्राएल राष्ट्र आणि मंडळी (ख्रिस्ती चर्च) वेगळ्या आहेत. राष्ट्राला दिलेलं अभिवचन त्या राष्ट्रालाच मिळायला हवं, नाहीतर देवाच्या शब्दाला अर्थ काय उरला? हा प्रश्न मला आजही हलका वाटत नाही.

पण नव्या करारातल्या इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात (इब्री ८) हाच उतारा जवळजवळ पूर्ण उद्धृत केलाय, आणि तोही ख्रिस्ताच्या याजकपणाबद्दल बोलताना. दुसरी चौकट, म्हणजे सगळं बायबल करारांच्या धाग्याने वाचणारं करार-ईश्वरविज्ञान, इथून वाचायला सुरुवात करतं. आदामाशी कर्मांचा करार, पतनानंतर (आदामाच्या पापानंतर) कृपेचा एकच करार, आणि अब्राहाम, मोशे, दावीद हे त्याच कृपेचे टप्पे. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराच्या, म्हणजे इंग्लंडमध्ये लिहिलेल्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनाच्या, सातव्या अध्यायात ही मांडणी आहे. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातलं जैतुनाचं झाड हे त्यांचं आवडतं चित्र : झाड एकच, फांद्या कलम केलेल्या. मात्र त्याच अध्यायात इस्राएलाच्या तारणाची आशाही आहे, तीही वाचा.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या गटांमधल्या आपसांतल्या मतभेदांनी. १६८९ चा लंडन बाप्टिस्ट अंगीकार बराचसा वेस्टमिन्स्टरवरच बेतलेला आहे, तरी बाळांच्या बाप्तिस्म्याला तो नकार देतो. उत्पत्ति १७ मधल्या सुंतेची खूण बाप्तिस्म्यात पुढे चालते का, यावर सगळं अडतं. दुसरीकडे प्रोग्रेसिव्ह डिस्पेन्सेशनॅलिस्ट, म्हणजे पहिल्या चौकटीतलाच एक नवा गट, म्हणतात, नवा करार सुरू झालाय, पूर्ण व्हायचाय. ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा वाद प्रकटीकरण २० मध्ये आहे. नवख्याने तिथून सुरुवात करू नये, आधीच डोकं तापतं.

आपण लहानपणापासून ‘जुना करार, नवा करार’ म्हणत आलो, म्हणून हा शब्द आपल्याला ओळखीचा वाटतो. मूळ ग्रीक ‘दियाथेके’चा अर्थ करार आणि मृत्युपत्र असा दोन्ही होतो, आणि इब्री ९ मध्ये लेखक या दोन्ही अर्थांवर उभा आहे. हे कळल्यावर मी तो निबंध पुन्हा लिहिला. या वेळी आधी यिर्मया, मग इब्री, आणि दोन्ही चौकटींचं म्हणणं त्यांना पटेल अशा शब्दांत. निष्कर्ष मात्र अर्ध्या पानाचाच झाला.